उन्हाळ्यात घासलेली पट्टी

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी विचारायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. चाकूला रसायन लावून लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवणारी आणि ‘बघा मुलींनो, यात चमत्कार काही नाही’ म्हणणारी बाई ती मीच. त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष होऊन गेलं, मनातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर हे एकटीने सांभाळून मी आता दमले आहे.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे धरणगावकडचे, पण सगळा जन्म धुळ्यात मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला गेला. तिथे त्यांचं कमानपाट्याचं गॅरेज होतं. ट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या असतात ना, धक्के खाणाऱ्या, त्या तुटल्या की गाड्या आबांकडे यायच्या. दिवसभर भट्टी, घण आणि ड्रायव्हर लोकांची घाई. संध्याकाळी आंघोळ करून भजनी मंडळात पेटी वाजवायला बसायचे. हात लोहाराचे आणि कान पेटीवाल्याचा, अशी ती जोडी होती.

एकदा पाट्याचा एक तुकडा त्यांच्या हातून फरशीवर पडला आणि घुमला. आबांनी तो उचलला, परत पाडला, परत ऐकला. त्या दिवशी गिऱ्हाईक तसंच ताटकळत बसलं म्हणे! त्या तुकड्यापासून पुढे चार हिवाळे खपून त्यांनी पंधरा पट्ट्यांचं एक वाद्य केलं. जलतरंग तुम्ही पाहिला असेल. त्यात वाट्या असतात, यात पट्ट्या. सागाची चौकट, तिच्यावर ताणलेली सुतळी, सुतळीवर लांबीप्रमाणे मांडलेल्या पट्ट्या आणि वाजवायला रबर लावलेल्या दोन काठ्या. आबा त्याला पट्टीतरंग म्हणायचे. गॅरेज बंद केलं तेव्हा ते त्यांनी माझ्या शाळेला दिलं, आणि तेव्हापासून आमची रोजची प्रार्थना त्याच्यावर होते.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशी पट्टी सुरात आणायची तर कानस लागते. पट्टी टोकांशी घासली की तिचा सूर चढतो. पोटाशी, म्हणजे खालच्या बाजूने मधोमध घासली की उतरतो. बस, एवढंच आहे. आबा पोटाशी घासताना शेवटचे हात आडवे-तिडवे मारायचे, त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या पोटावर बारीक रेघांची एक फुली दिसायची. चौदा पट्ट्यांवर ती फुली होती. पंधरावीवर, म्हणजे खालच्या ‘सा’च्या पट्टीवर नव्हती. तो फरशीवर पडलेला मूळ तुकडा. जसा निघाला तसाच ठेवलेला, पोटावर भट्टीची काळी साय तशीच. आबा तिला ‘पहिली’ म्हणायचे. बाकीच्या चौदा तिच्याशी जुळवलेल्या होत्या, त्यामुळे पहिलीला कानस लावायची नाही, हा नियम.

दुसरा नियम असा, की होळीपासून दसऱ्यापर्यंत कुठल्याच पट्टीला कानस लावायची नाही. आपल्या खान्देशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तापलेल्या पोलादाचा सूर केसभर उतरतो. घासायला लागलात की पट्टी आणखी तापते, आणखी खाली बोलते आणि तुम्ही आणखी घासत बसता. म्हणून आबा वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, सकाळच्या थंडीत सगळ्या पट्ट्या पहिलीशी लावून बघायचे. मला म्हणायचे, “लोखंड उन्हायामा खोटं बोलस, माय. त्याले थंडीमा इचारजो.”

मी हे लहानपणापासून ऐकलंय. पुढे भौतिकशास्त्रात शिकले, त्यातलं गणितही मला येतं. तरीही मी ते केलं.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत, आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. घरात आम्ही दोघंच. माझं लग्नाचं राहून गेलं; ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यात भूत नाही. भाऊ सुरतला असतो, रोज व्हॉइस मेसेज पाठवतो. पहाटे पाचला उठायचं, आबांचं सगळं करायचं, सहा वाजता कोमट पाण्याने अंग पुसायचं. मग भाकरी टाकायची आणि अकरापर्यंत शाळा गाठायची. दिवसा केशरअक्का यायच्या, आबांजवळ बसायला. संध्याकाळी घरी आलं की परत तेच. त्यात मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरा, ही भरा, ती भरा. दमणं म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं. झोपून उठलं तरी जात नाही असं ते असतं.

आबांचा उजवा हात मुठीसारखा घट्ट मिटलेला असायचा. ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना माहीत असेल, ती मूठ रोज उघडून पुसावी लागते, नाहीतर आत घाम साचून कातडी सोलते. एकेक बोट हळूहळू उलगडायचं, तळवा पुसायचा, कोरड्या कापडाची गुंडाळी आत ठेवायची. मूठ परत मिटते. हे मी रोज करत होते.

तर एप्रिलचा शेवटचा आठवडा. महाराष्ट्र दिनाची तालीम. शाळेत नवीन कीबोर्ड आला होता आणि मुख्याध्यापकांना तो पट्टीतरंगाबरोबर वाजवून हवा होता. दुपारी चारची वेळ, पत्र्याचा हॉल, वर पंखा नुसता गरम हवा ढवळतोय. कीबोर्ड वाजला, पट्ट्या वाजल्या आणि दोघांचं जमेना. पट्ट्यांचा सूर खाली. मुली हसायला लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, उद्यापर्यंत बघा ना काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या हत्यारांच्या पेटीतली कानस पर्समध्ये घालून शाळेत नेली. त्यांच्या पलंगाखालूनच काढली, ते जागे असताना. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. मनात हिशेब सरळ होता, आधी सा दुरुस्त करू, मग बाकीच्या. पहिली पट्टी काढली आणि टोकांशी घासायला लागले. पोलाद कमानपाट्याचं, कडक. पाऊण तास घासत होते. काटा हलायचा, परत मागे यायचा. मी चिडून आणखी घासायची. शेवटी काटा हिरव्यावर आला, तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग ती चौकटीवर ठेवली, वरच्या सा-बरोबर वाजवली... आणि दोन सुरांमध्ये लाटा ऐकू आल्या. वाँव, वाँव, वाँव. सूर जुळत नसले की असं होतं. चौदा पट्ट्या आपापसात बरोबर होत्या. चुकीची होती ती एकच, आणि ती मी केली होती. मी तिथेच फरशीवर बसले. उन्हाळा सगळ्याच पट्ट्यांना सारखा उतरवतो, कीबोर्डला उतरवत नाही, हे सातवीच्या मुलीला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला घरी जायचं होतं.

महाराष्ट्र दिनाला कीबोर्ड एकटाच वाजला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा वाजवणाऱ्या मुलीला मी सांगितलं, “पहिली सोडून वाजव.” पुढचे सहा महिने आमची प्रार्थना खालच्या सा-शिवाय झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाद्य प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात. एक चावी माझ्या पर्समध्ये, दुसरी मुख्याध्यापकांकडे पाकिटात, पाकिटावर सही-शिक्का. कानस मी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि घरच्या माळ्यावर अगदी मागे टाकली. पलंगाखाली परत ठेवायची हिंमत झाली नाही.

आबा रोज सकाळी विचारायचे, “पट्ट्या?”

मी मूठ पुसता पुसता म्हणायची, “बऱ्या शेतस, आबा.”

त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. तीही झाली.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली आणि आबांचा प्रश्न बदलला. एक दिवस डाव्या हाताने माझा पदर धरला आणि म्हणाले, “थंडी... पट्ट्या... आन.” मार्गशीर्षातली तपासणी. झटक्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातही मी चौकट घरी आणली होती. त्यांनी डोळे मिटून ऐकली होती आणि मान हलवली होती. आता ते परत वाट बघत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय, पुढचा हिवाळा धरून चालू नका. म्हणजे आबा हे शेवटचं ऐकणार, आणि ते चुकीचं ऐकणार. ऐकता क्षणी त्यांना कळणार होतं, कान शाबूत होते ना! आणि नाही आणलं, तर मी खोटं बोलले होते हे माझ्याजवळ कायमचं राहणार होतं. मी आज-उद्या करत राहिले. शाळेची तपासणी आहे, परीक्षा आहेत, रिक्षा मिळत नाही... ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायचे, “आन.”

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात केशरअक्का मला म्हणाल्या, “ताई, आबाना हाऊ हात रोज काया कसा व्हस व?”

माझ्याही लक्षात आलं होतं. उजवी मूठ उघडली की तळव्यावर, बोटांच्या पेरांत, नखांत काळपट काहीतरी असायचं. पुसलं की पाणी राखाडी व्हायचं. पलंग लोखंडी पाइपचा आहे, मी त्याच्यावर खापर फोडलं.

“पलंगना गंज व्हई, अक्का.”

“गंज लाल ऱ्हास, ताई. हाई तं कायं शे. अनि मिटेल मुठमा कसं जाई ते?”

अक्का चौथी शिकलेल्या. मी एम.एस्सी. मी पाइपला जुनी चादर गुंडाळली आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी मूठ परत काळी. तिसऱ्या दिवशीही. आणि एक गोष्ट मी तेव्हा अक्कांनाही बोलले नाही. तो हात एरवी गार असायचा, निर्जीव वस्तूसारखा. त्या आठवड्यात तो ऊबदार लागायचा, काम करून आलेल्या हातासारखा.

रविवारी मी ठरवलं की आज जे व्हायचं ते होऊ दे. सकाळी सहाला आबांना पुसलं. त्या दिवशी पाणी अगदी काळं झालं. घाईत फेकणार होते, पण उजेडात पातेल्याच्या तळाशी काहीतरी चमकलं, म्हणून ते तसंच ओट्यावर ठेवून दिलं. आमच्या धंद्याची खोड, दुसरं काय. सात वाजता रिक्षाने शाळेत गेले. वॉचमनने फाटक उघडलं. कपाटाचं कुलूप मी माझ्या चावीने उघडलं. चौकट गोधडीत गुंडाळली, वॉचमनने रिक्षात ठेवायला हात लावला आणि पावणेआठला मी घरी. वाटेत कुठे थांबले नाही. गोधडी आबांसमोरच सोडली.

केशरअक्का आल्या होत्या. आबांना उशी लावून बसवलं. बाहेर कोवळं ऊन, घरात गारठा. मी काठ्या हातात घेतल्या. पन्नाशीची बाई, पण पाटी फोडून घरी आलेल्या पोरीसारखी मी आबांसमोर बसले होते.

“वाजाड,” आबा म्हणाले.

मी वरून खाली यायला लागले. एकेक पट्टी. आबांचे डोळे मिटलेले. चौदा झाल्या आणि मी थांबले. काठी पहिलीवर धरलेली. म्हटलं, मारण्याआधी सांगावं. तेवढ्यात आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

“उन्हायामा... घासी.”

विचारलं नाही, सांगितलं. मला रडू कोसळलं. म्हटलं, “हां, आबा. मीच घासी. मनी चूक व्हई गयी.” वर्षभराचं सगळं दमणं त्या एका वाक्यात बाहेर आलं असावं, कारण अक्का मला धरायला उठल्या. मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं.

आबा परत म्हणाले, “वाजाड.”

मी मारली. खालचा सा आणि लगेच वरचा. कान लाटांची वाट बघत राहिले. लाटा नव्हत्या. दोन्ही सूर एकात एक मिसळून गेले आणि हळूहळू विरले. परत मारली. परत तेच. डोळे पुसून मी पट्टी उचलली आणि उलटी केली.

टोकांशी मी घासलेलं तसंच होतं, माझं वेडंवाकडं काम. पण पोटावरची काळी साय गेली होती. मधोमध चांदीसारखा उजळ, ताजा खळगा होता आणि त्याच्यावर बारीक रेघांची फुली.

मी आबांकडे बघितलं. आबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी उचलला, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या पोरीने शिकवलं होतं तसा, आणि तो पट्टीवर आणून ठेवला. मिटलेली मूठ, पट्टीच्या पोटावर. म्हणाले, “आते बरी शे.”

अक्का कोमट पाणी घेऊन आल्या होत्या, त्यांचा हात पुसायला. मी म्हटलं, “ऱ्हाऊ द्या, अक्का. आज नको.”

आबा पौषात गेले, संक्रांतीच्या आधी. सकाळी, झोपेत. भाऊ सुरतहून आला, सगळं रीतसर झालं.

नंतर मी सगळं तपासून पाहिलं. सवयच ती. थंडीने पट्टी आपोआप जाग्यावर आली म्हणावं, तर थंडी सगळ्याच पट्ट्यांना चढवते, एकटीला उतरवत नाही. शिवाय दिवाळीनंतर मी ती वाजवून पाहिली होती, लाटा होत्याच. मुख्याध्यापकांकडचं पाकीट पाहिलं, शिक्का तसाच. घरच्या माळ्यावर चढले, कानस वर्तमानपत्रात, माझीच गाठ, वर धूळ. शाळेत दुसऱ्या कुणाला ती फुली मारता येते का, विचारून पाहिलं तर लोकांना पट्टीला पोट असतं हेच माहीत नव्हतं. आबा झटका आला त्या फेब्रुवारीपासून पलंगावरून उतरले नव्हते. त्यांचं सगळं पलंगावरच मी करत होते.

ओट्यावरचं ते पातेलंही राहिलं होतं. त्या रविवारी दुपारी त्यातलं पाणी नितळून, प्रयोगशाळेतलं चुंबक आणून मी तळाशी धरलं होतं. काळा भुगा उभा राहिला आणि चुंबकाला चिकटला. गंज असा चिकटत नाही. तो पोलादाचा कीस होता.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी प्रामाणिकपणे वाचेन. ‘आत्मा’ वगैरे लिहिणाऱ्यांनो, माणूस तेव्हा जिवंत होता, माझ्या समोर होता, हे लक्षात घ्या. आणि ‘बाईंना भास झाला’ म्हणणाऱ्यांनो, पट्टी शाळेत आहे. कधीही या, उलटी करून दाखवते. माझ्यापाशी उत्तर नाही, आणि शोधायची ताकदही आता फारशी उरलेली नाही.

प्रार्थना रोज खालच्या सा-पासून सुरू होते. तो भुगा मी एका छोट्या बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलाय. तिथल्या प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी आहे, हिच्यावर नाही. मुली विचारतात, “मॅडम, यात काय आहे?”

मी सांगते, लोखंड. तेवढं तरी खरं आहे.